डावा हात

दिवाळी सरली की देवगाव रंगारीहून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. टेम्पो गळ्यापर्यंत भरलेले, वरची ताडपत्री नावाला, आणि रस्त्यावर झुकलेली प्रत्येक काटेरी फांदी जाणाऱ्या गाडीतून आपला वाटा ओरबाडून घेते. एसटीच्या खिडकीतून पाहावं तर लांबपर्यंत पांढरे पुंजके लोंबत असतात. लहान असताना मला वाटायचं, बाभळीलाच कापूस येतो. आईला तसं म्हणाले होते. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. यंदा बाभळीच पेरू."

याच दिवसांत आमच्या बी.एड. कॉलेजचाही हंगाम सुरू होतो. सराव पाठांचा. म्हणजे भावी शिक्षकांच्या टोळ्या शहरातल्या शाळांवर सोडायच्या, त्यांनी पोरांना पाठ शिकवायचा आणि मागच्या बाकावर बसून कुणीतरी त्यांना गुण द्यायचे. मुलींच्या साड्या एका रंगाच्या. हातात थर्माकोलचे तक्ते, कडेनं चमकी. पाठाचं टिपण मागच्या वर्षीच्या मुलीकडून उतरवलेलं, तिनं ते तिच्या आधीच्या मुलीकडून उतरवलेलं. विद्यार्थी काय उत्तर देतील तेही त्यात आधीच लिहिलेलं असतं. 'अपेक्षित उत्तर' असा रकानाच आहे. विद्यार्थ्यानं अपेक्षित उत्तर दिलं नाही तर काय करायचं, याला रकाना नाही.

या हंगामाला वास आहे. डिंकाचा, नव्या साडीच्या खळीचा, आणि पाहुणे येणार म्हणून सकाळी सकाळी फिनेल ओतलेल्या शाळेच्या मुतारीचा. एरवी वर्षभर त्या मुतारीकडं कुणी फिरकत नाही. पोरी घरी जाईपर्यंत कळ सोसतात. पाहुण्यांच्या दिवशी मात्र तिथं साबणाची नवी वडी. मला तो वास आला की मी पदर नाकाला लावते. 

यंदा त्यात एका भाषणाची भर पडली. गेल्या वर्षी कापसाच्याच दिवसांत आमच्या कॉलेजनं मला आणि रेणुकाला उझबेकिस्तानला पाठवलं होतं. तिथल्या एका शिक्षक-प्रशिक्षण संस्थेशी करार झाला होता. तिकडची भाषा शिकायची, तिकडच्या वर्गांत बसायचं आणि परत येऊन इथं उजेड पाडायचा. रेणुका वैजापूरची, घरी बागायत, इंग्रजी शाळेत शिकलेली. मी देवगावची, धनगराची. आजोबांपर्यंत मेंढरं, त्यानंतर दुसऱ्याच्या रानात मजुरी. आम्हा दोघींना एकत्र पाठवलं की फोटोत सगळं बसतं.

तर गेल्या आठवड्यात सराव पाठांच्या प्रमुख मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्या कॉलेजच्या संमेलनात बोलशील का गं? परदेशात भाषा शिकल्यानं भावी शिक्षकांमध्ये सहानुभूती कशी निर्माण होते, असा विषय आहे. पाच मिनिटं. आभाराच्या आधी."

"डाव्या हाताचं सांगू का, मॅडम?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते नको. पाहुणे असतील."

ज्यांना हा डावा हात माहीत नाही ते भाग्यवान लोक. त्यांच्यासाठी सांगते. शाळेत तपासणी असली, पाहुणे असले, पाठाला परीक्षक असले, की आदल्या दिवशी सर वर्गात येतात आणि सांगतात: उद्या प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा. येत नसेल त्यानं डावा. मग दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो आणि अख्खा वर्ग हातांनी भरून जातो. एकही हात खाली नाही. बाई किंवा सर त्या हातांमधून नजर फिरवतात, किंचित थांबतात, जणू कुणाला विचारावं असा प्रश्न पडलाय, आणि उजव्या हातावर बोट ठेवतात. उत्तर खणखणीत येतं. पाहुणे मान डोलावतात. चहा येतो.

मी दहावीपर्यंत डावा हात वर करत आले. सगळ्या विषयांत नव्हे, पण बहुतेक. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. डाव्या हाताखाली सावली असते. त्या हाताला कुणी त्रास देत नाही, कुणी उभं करत नाही, कुणी हसत नाही. पाहुण्यांचा दिवस माझा सगळ्यात शांत दिवस असायचा. पुढं कॉलेजात मोर्चे, पत्रकं, संघटना आली, आणि शिक्षणावर मी रकानेच्या रकाने लिहिले: फी, वसतिगृह, रिकाम्या जागा. डाव्या हातावर एक ओळ लिहिली नाही. ते मला अन्यायासारखं दिसलंच नव्हतं. दिसायला इतकं लांब जावं लागलं.

फरगाना खोऱ्यातल्या त्या शहरात आम्ही उतरलो तेव्हा वेचणी ऐन भरात होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना तुतीची झाडं, त्यांच्या बुंध्याशी वाहती चारी, आणि चारीच्या पाण्यावर तरंगत चाललेले कापसाचे पुंजके. तिथं बाभळी नाहीत, त्यामुळं ट्रॉलीतून उडालेला कापूस पाण्यावर उतरतो. ओसरीला बोरूच्या जाळ्यांत टांगलेली खरबुजं. चहाच्या निळ्या किटल्यांवर पांढरी बोंडं रंगवलेली; खानावळीतली किटली घ्या, घरातली घ्या, तेच चित्र. आणि घरांच्या भिंतींना टेकून रचलेल्या पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, तंदूर पेटवायला. आमच्याकडं चुलीसाठी रचतात तशाच. त्या बघून मी आईला फोन लावला.

"तिकडं बी पऱ्हाट्याच जाळत्यात?"

"व्हय."

"कापूस बी हाय?"

"लई."

"मंग येचायला तर इथं बी बाया मिळंनात. इमानात बसून कशाला गेलीस?"

भाषेचंही तसंच. किताब, कलम, सवाल, जवाब, हफ्ता, बाजार, मेहमान: उच्चाराचा थोडा फरक, बाकी सगळे आपलेच शब्द. मराठवाड्याच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं. पहिल्या दिवशी मला वाटलं, महिन्याभरात सभा घेईन. दुसऱ्या दिवशी कळलं की खोलीतल्या प्रत्येक वस्तूचं नाव मला येतंय आणि त्या वस्तूचं काय करायचं ते सांगता येत नाही. घेते, देते, हवंय, नको, दुखतंय, हरवलंय यांतलं काहीच माझ्याकडं नव्हतं.

एकदा पोट दुखत होतं म्हणून औषधाच्या दुकानात गेले. पोटावर हात ठेवला. दुकानातल्या बाईनं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं तेच मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसं. माझ्या मागं उभी असलेली बाई आपल्या मुलीकडं बघून हसली. वाईट हसली नाही, पण हसली. मी खोकल्याचं औषध घेऊन खोलीवर आले. परत करायला जाण्याइतके शब्द नव्हते, म्हणून ते कपाटात ठेवून दिलं आणि पोट दाबून झोपले.

मी, जिनं क्रांती चौकात माइक धरलाय. पोलिसांनी बाजूला व्हा म्हटल्यावर त्यांना कायद्याचं कलम विचारलंय. तिथं मी मठ्ठ दिसत होते. मठ्ठ वाटत नव्हते, दिसत होते, आणि माणूस बराच काळ मठ्ठ दिसत राहिला की चालणंसुद्धा तसं होतं. खांदे आत, नजर खाली, होला हो. सगळ्या गोष्टींची उत्तरं मला सुचायची, पण बोलणं दोन वळणं पुढं निघून गेल्यावर. रात्री अंथरुणात मी दिवसभराची भांडणं एकटीच जिंकायचे.

रेणुकाचं असं झालं नाही. ती इंग्रजीत बोलायची आणि समोरचा धावतपळत इंग्रजी येणारा माणूस शोधून आणायचा. नाहीतर फोनमध्ये बोलायची, फोन भाषांतर करून सांगायचा. तिला सगळीकडं खुर्ची मिळाली. मला बाजूला घेऊन म्हणायची, "ए पत्रकवाली, तू एवढं मनाला लावून का घेतेस? तीन महिन्यांची तर गोष्ट आहे."

तीन महिन्यांचीच होती. माझ्या वर्गातल्या डाव्या हातांची दहा वर्षांची असते.

आम्हाला भाषा शिकवायला गुलनोरा ओपा होत्या. ओपा म्हणजे थोरली बहीण. तिकडं बाईंना तसंच म्हणतात. आपल्या शहरात उर्दू शाळेतल्या पोरी बाईंना आपा म्हणतात, तसं. पन्नाशीच्या, जाडजूड, डोक्याला रुमाल, आणि खडूनं कायम पांढरी झालेली कोपरं. वर्गात आम्ही आठ-दहा परदेशी. एके दिवशी त्यांच्या संस्थेचे कुणी वरिष्ठ पाहणीला आले. तीन पुरुष, गडद कोट, मागच्या बाकांवर. मी त्यांना बघितलं आणि माझ्या अंगाला ते लगेच ओळखू आले. देश वेगळा, कोट वेगळे, पण मागच्या बाकावर बसायची ती ऐट मी कुठंही ओळखीन.

ओपांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, त्यातला एक शब्द पुसला आणि विचारलं, "किम बिलादी?" कुणाला येतं?

मला येत नव्हतं. माझा डावा हात वर गेला.

मी केला नाही, तो गेला. शेजारी रेणुकाचा उजवा वर होता. मी अगदी निवांत बसले होते, सावलीत. आणि ओपांनी माझ्याकडं बोट केलं.

त्यांच्या दृष्टीनं हात म्हणजे हात. शिवाय मी कधी वर करायचे नाही, म्हणून बाई खूष झालेल्या. मी उभी राहिले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तेवढाच. कोटवाले बघत होते. मला फक्त एक शब्द येत होता, तो मी म्हटला. "बिलमायमान." मला येत नाही.

"मग हात का वर केलास?"

खोटं बोलायला भाषा लागते. माझ्याकडं तेवढी नव्हती, म्हणून खरं सांगावं लागलं. उजवा हात वर केला: येतं. डावा वर केला: येत नाही. शाळा, माझी. मेहमान आले. मेहमान खूष. एवढंच, तुटक तुटक, हातवारे करत. बाकीचे हसायला लागले, त्यांना विनोद वाटला. रेणुकानं कपाळावर हात मारला.

ओपा हसल्या नाहीत. त्यांनी तोंड असं केलं, जसं भाताच्या घासात खडा लागावा. मग मागं वळून त्या पाहुण्यांना काहीतरी म्हणाल्या. ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर रेणुकानं दुसऱ्या कुणाकडून इंग्रजीत विचारून घेतलं. म्हणाल्या होत्या, "हिला येत नाही, आणि ते हिनंच सांगितलं. आजचा पाठ मी हिच्यापासून सुरू करते. तुम्हाला उशीर होणार असेल तर चहा बाहेर आहे."

आणि त्यांनी फळा पुसला. ते वाक्य राहिलं बाजूला. त्यांनी आम्हाला दुसरं एक शिकवलं: "याना बिर मार्ता आयतिंग." परत एकदा सांगा. प्रत्येकाला उभं करून म्हणायला लावलं. कोरियातून आलेला एक मुलगा लाजून पुटपुटला, तर त्याला परत. रेणुकाला परत. शेवटी त्या मागच्या बाकांपर्यंत गेल्या आणि कोटवाल्यांनाही म्हणायला लावलं. पहिला घुटमळला. ओपा कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यानं म्हटलं. मग मी त्या भाषेत जे काही शिकले ते त्याच वाक्यावर शिकले. औषधाच्या दुकानात परत गेले, त्या बाईला तेच म्हटलं, आणि तिनं आवाज न चढवता पुन्हा सांगितलं.

आता संमेलनात काय सांगायचं असतं? परदेशात भाषा शिकली की सहानुभूती येते, असं? काही येत नाही. रेणुका माझ्याच विमानानं गेली आणि माझ्याच विमानानं आली. यंदाच्या तिच्या पाठाला मी निरीक्षक म्हणून बसले होते, तेव्हा आदल्या दिवशी वर्गात उजवा-डावा तिनंच सांगितला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू पण?"

"अगं, वर्ग किती भरलेला दिसतो. आणि कुणाचं काय जातं?"

ती वाईट मुलगी नाही. माझं पोट दुखत होतं त्या दिवशी रात्री ओवा शोधून आणणारी तीच. पण तिला तिकडं एकदाही डावा हात वर करावा लागला नाही. भाषा येण्यानं काही होत नसावं. ती न येण्यानं, आणि ते चारचौघांत दिसण्यानं काहीतरी होतं. बॅनरवर हे लिहिता येत नाही. बॅनरवर विमान काढता येतं, ते त्यांनी काढलंय.

माझा शेवटचा पाठ परवा झाला. गणित, सहावी, अपूर्णांकांची बेरीज. शाळा शहराच्या टोकाला, पुढं मोकळं माळरान. या पाठाला बाहेरचे परीक्षक असतात आणि यात नापास झालं तर पदवी अडकते. त्या वर्गात कांचन आहे. तिचे वडील गंगापूरकडं मेंढरं राखायचे. ती विकून बांधकामावर आले, तेव्हापासून ती या शाळेत. वर्गाच्या सरांनी पहिल्याच दिवशी मला वर्ग दाखवताना खिडकीशी बसलेल्या तिच्याकडं हनुवटी उडवून सांगितलं होतं, "ही डाव्यातली." मुलीच्या समोर. डाव्यातली. जनावराच्या कानाला बिल्ला मारावा तसं.

ती बोलत नाही, असं सगळे म्हणतात. मी तिथं गेल्यापासून ती एकदाच वर्गात बोललेली ऐकली. सरांनी काहीतरी विचारलं, ती म्हणाली, "व्हय." वर्ग हसला. सर म्हणाले, "व्हय नाही, होय. माणसांत आलीस ना आता?" त्यानंतर ती ना व्हय म्हणाली ना होय.

पाठाच्या आदल्या दिवशी सर नेहमीचं सांगायला वर्गात निघाले होते. मी म्हटलं, "सर, माझ्या पाठाला ते नको."

"का बरं?"

"ज्यांना येत नाही त्यांनाच मी विचारणार आहे."

सर मला चहाच्या खोलीत घेऊन गेले. माणूस शांत आहे, ओरडत नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही नव्या आहात. डावा हात पोराच्या इज्जतीसाठी असतो. त्याला येत नाही ते आम्हाला माहितीय. पाहुण्यांसमोर त्याला उघडं कशाला पाडायचं?"

त्यांचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटलं नाही, हे सांगायला हवं. कारण त्या सावलीत मी दहा वर्षं बसलेय. मी कांचनला उभं केलं, तिला काही आलं नाही, वर्ग हसला, परीक्षक हसले, तर? मग मी सरांपेक्षा वाईट. ते निदान तिला झाकतात. पण मग मला वर्गभरच्या त्या डाव्या हातांखाली कोण कोण आहे ते आठवायला लागलं, आणि पाहुण्यांचे चेहरे. पाहुण्यांना कळत नाही असं थोडंच आहे? ते कधीकाळी शिक्षकच होते. त्यांनीही वर्गात हेच सांगितलंय. हातांच्या त्या गर्दीत निम्मे डावे आहेत हे मागच्या बाकावरून स्वच्छ दिसतं. सरांना माहीत, परीक्षकांना माहीत, मॅडमना माहीत, पोरांना तर माहीतच. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सगळे मिळून एकमेकांपासून लपवतात आणि वर समोसा खातात. याची किळस येते मला. फसवलं जाण्याची येत नाही एवढी.

"इज्जत पोराची राहते की शाळेची, सर?"

"दोघांची," ते म्हणाले. "समोसा घ्या."

मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात गेले. पोरांना म्हटलं, "उद्या ज्याला येत असेल त्यानं उजवा हात वर करा. नसेल त्यानं डावा." पोरं कंटाळून बघत राहिली, हे त्यांना पाठ होतं. "पण उद्या मी डाव्या हाताकडं आधी येणार. उत्तर नाही विचारणार. एवढंच विचारणार की कुठून सुटलं. ते सांगायचं आणि म्हणायचं, परत सांगा. ज्याला नको वाटेल त्यानं हात वर करू नका, मी विचारणार नाही."

 मग खिडकीशी आवाज आला, खालच्या पट्टीत.

"आन् पाव्हणे हसले तर?"

कांचन होती. वर्ग वळून तिच्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "तर मी पाव्हण्यांकडं बघीन."

"बघून काय व्हतंय?"

याला माझ्याकडं अपेक्षित उत्तर नव्हतं. "काही नाय," मी म्हटलं. "पण बघीन."

"मी नाय हात वर करणार," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर मेंढरं नव्हती, काही नव्हतं, एक बोअरवेलची गाडी उभी होती.

संध्याकाळी रेणुकाचा फोन. "तुझं पत्रक त्या वर्गात वाटू नको. पाठ घे, पास हो, नोकरी लागली की कर काय क्रांती करायची ती."

"नोकरी लागल्यावर कुणी केलीय?"

"मग लग्न झाल्यावर कर," ती म्हणाली. ती मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून असणारच होती.

परवा सकाळी मुतारीतून फिनेलचा वास. मागच्या बाकावर परीक्षक, त्यांच्या शेजारी आमच्या मॅडम, कडेला रेणुका. सर खिडकीशी उभे, आणि मी वर्गात शिरायच्या आत त्यांनी पोरांना हळूच काहीतरी सांगितलेलं होतं. पोरांची तोंडं बघून कळलं. दोन सूचना झाल्या होत्या. माझी आणि त्यांची. त्यांची जुनी.

मी अर्धा अधिक एक तृतीयांश घेतलं. फळ्यावर मांडलं, छेद सारखे करून दाखवले, दोन आणि तीनचे सहा. विचारलं, "आता दुसरं कोण करेल?" हात वर. रान उगवावं तसे हात. उजवे, डावे. परीक्षकांनी समाधानानं पेन उघडलं. कांचनचे दोन्ही हात बाकावर होते. मी ठरवलं, ठीक आहे, तिला विचारायचं नाही, दुसरा डावा बघू. मी नजर वळवणार इतक्यात तिचा डावा हात वर आला. पूर्ण नाही. कानाच्या उंचीपर्यंत.

"कांचन. कुठून सुटलं?"

बाक करकरला. ती उभी राहिली. "त्ये सहा कुठनं आले, तिथून."

पहिल्या बाकावरचा एकजण फिसकन हसला. मागून परीक्षकही हसले, मोकळं, कौतुकानं हसावं तसं. मी त्यांच्याकडं बघितलं. कबूल केलं होतं म्हणून बघितलं. काही झालं नाही, कांचन म्हणाली होती तसंच. ते घड्याळाकडं बोट करून म्हणाले, "पुढं चला मॅडम. एका विद्यार्थ्यासाठी वर्ग थांबवायचा नसतो." मॅडमनी मला डोळ्यांनी पुढं ढकललं. सरांनी खिडकीपासूनच हातानं खूण केली: बस खाली. ती कांचनला होती.

ती बसली नाही. "परत सांगा," ती म्हणाली. आणि मग, मला ऐकू आलं नसेल असं समजून, जरा मोठ्यानं, "बाई, परत सांगा की."

मी फळा पुसला. कागदाची एक पट्टी फाडली, तिच्या बाकाशी गेले, तिच्या हातात दिली आणि दोनपासून सुरुवात केली. पट्टीचे दोन भाग, मग तेवढ्याच दुसऱ्या पट्टीचे तीन. मग अर्ध्याचे तीन-तीन, तिसऱ्या भागाचे दोन-दोन; घड्या घालता घालता दोन्ही पट्ट्यांत सहा तिलाच दिसले. तेवढ्यात तास संपला. ठरलेल्या पाठातलं निम्मं राहिलं, स्वाध्याय राहिला, थर्माकोलचा तक्ता भिंतीकडं तोंड करून तसाच उभा.

बाहेर आल्यावर रेणुका माझ्या शेजारून चालत होती.  मग म्हणाली, "गेले तुझे मार्क." आणि माझ्या हातातला तक्ता घेतला.

परीक्षकांचा शेरा मॅडमनी मला केबिनमध्ये वाचून दाखवला. वर्गनियंत्रण नाही, आशय अपूर्ण, पाठ पुन्हा घ्यावा. मॅडम म्हणाल्या, संमेलनाचं भाषण आता रेणुका करेल, तुला मनस्ताप नको. मला मनस्ताप नव्हता. बॅनरवरच्या विमानाशेजारी तीही तेवढीच छान दिसते.

पाठ पुढच्या आठवड्यात, त्याच वर्गावर. काल तारीख ठरवायला शाळेत गेले तर सर म्हणाले, "काळजी करू नका मॅडम, यावेळी सगळं नीट होईल. कच्च्या पोरांना त्या दिवशी सुट्टी देऊन टाकू." हेही नेहमीचंच आहे. डाव्या हाताच्या पुढची पायरी. तिथं हातच राहत नाही.

फाटकाशी कांचन उभी होती, दप्तर पोटाशी धरून. माळावरच्या वाऱ्यानं कुठूनतरी आणलेला कापसाचा पुंजका तारेला अडकला होता, तो ती बोटानं सोडवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर म्हणले, त्या दिशी येऊ नको."

"मग?"

तिनं पुंजका सोडवला, त्यातली सरकी चिमटीत धरून ओढून काढली.

"मी येणार हाय," ती म्हणाली. "सहा कळाले. फुडलं सांगायचं राह्यलंय तुमचं."